तणस सकाळी वाजत नाही

यंदा धान कापणीला आलं आणि मला किळस यायला लागली. धानाची नाही. धानाच्या घरात जन्मलेल्या माणसाला धानाची किळस येत नाही. विळ्यानं बोट कापलं, कंबर मोडली, तरी नाही. ही किळस कानातून आत शिरली आणि पोटात जाऊन बसली. जेवताना आठवायची, भाजी निवडताना आठवायची, ऑफिसात कुणाचा अर्ज लिहिताना तर हटकून आठवायची.

साकोलीला आमच्या ऑफिससमोरून महामार्ग जातो. या दिवसांत त्यावरून धानाच्या ट्रॉल्या जातात, दुरून आलेली अजस्र कापणीयंत्रं जातात, आणि त्यांच्या मागे रस्ताभर तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या पेंढ्याच्या, काड्या सांडत जातात. खिडकी उघडली की तो वास आत येतो. कापलेल्या धानाचा वास कुणाला सांगून समजत नाही. थोडा गोड, थोडा धुळीचा, आणि त्यात ओल्या मातीचं काहीतरी. तो वास आला की माझ्या डोक्यात बैलांच्या खुरांचा आवाज सुरू होतो, आणि त्या आवाजाच्या मागे रेडिओची खरखर. हे दोन आवाज माझ्यासाठी एकाच हंगामाचे आहेत. मी हे इतक्यांदा बोलून दाखवलंय की ऑफिसातले लोक आता पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणतात.

म्हणूनच शेजारच्या टेबलावरचे राऊतबाबू त्या दिवशी मोबाइल घेऊन आले. "मॅडम, तुमी नेहमी सांगत राहता ना, खळ्यावरचं रेडिओ नाटक? हे घ्या. सापडलं. 'तळ्याकाठचा खून'. आजच्या श्रोत्यांसाठी नव्या रूपात, असं लिहून आहे."

मी अक्षरशः उभी राहिले. चाळीसेक वर्षांनी कुणी हरवलेली वस्तू हातात आणून द्यावी, तसं झालं. राऊतबाबूंचं इअरफोन घालण्याआधी मी पदरानं पुसून घेतलं, एवढंच भान होतं.

त्या नाटकाचं आधी सांगते, म्हणजे माझा संताप समजेल.

आमचं गाव आंबागड. वर किल्ल्याची टेकडी, खाली धानाच्या बांध्या, आणि गावाच्या कडेला तळं. मी तेव्हा आठवीत होते. आमच्या घरात आठवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि पुढे बी.ए. झालेलीही पहिलीच. हे मी जिथे तिथे सांगते, इथेही सांगते. लाजायचं काय त्यात. तर धानाचं चुरणं सुरू झालं की आमचं सगळं घर खळ्यावर. मधोमध रोवलेल्या खांबाभोवती बैलांची पात गोल गोल फिरायची, खुरांखाली पेंढ्यांतून धान सुटायचं, आणि पातीच्या मागे एकजण टोपलं घेऊन चालायचा. त्याचं काम एकच. बैलानं शेपूट उचललं रे उचललं की तणसाची मूठ पुढे करून शेण वरच्या वर झेलायचं. धानात एक थेंब पडता कामा नये. धान म्हणजे लक्ष्मी. हे काम कुणालाच नको असायचं.

रविवारी दुपारी रेडिओवर गुप्तहेराचं नाटक लागायचं. तेवढा अर्धा तास बाबा बैल थांबवायचे. बाबांनी पावसासाठी बैल थांबवलेले मी पाहिले नाहीत, पाहुण्यांसाठी तर नाहीच. पण गुप्तहेर केशवरावांसाठी थांबवायचे. रेडिओ रचलेल्या धानाच्या पुंजण्यावर ठेवलेला असायचा, उंचावर, म्हणजे आवाज नीट येतो म्हणे. सेल उतरले की ते सकाळपासून उन्हात वाळत घातलेले असायचे, मिरच्यांच्या शेजारी. आणि बाबांनी एक कायदा केला होता. नाटक सुरू असताना जो बोलेल, तो दुसऱ्या दिवशी शेण झेलेल. शेवटच्या भागाआधी सगळ्यांनी आपापला गुन्हेगार मोठ्यानं सांगायचा. ज्याचा चुकेल, तो पुढचा आठवडाभर शेण झेलेल.

या कायद्यामुळे आमच्या खळ्यावर जी शांतता पडायची, ती मी नंतर कुठल्याही सभागृहात पाहिली नाही. बैलसुद्धा कान हलवायचे ते हळूच.

खळ्यावर सोनामावशी असायची. तळ्यात मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरची. चुरण्याला मदतीला यायची, जाताना सुपात धान न्यायची, आणि येताना पळसाच्या पानात बांधून मासोळ्या आणायची. माय आणि ती एका बाजूला बसायच्या, पाठीला पाठ लावून. दोघींनाही अक्षर येत नव्हतं. नाटकातलं पहिलं माणूस बोललं की सोनामावशी मायच्या पाठीला कोपर लावायची. म्हणजे, लक्ष दे.

'तळ्याकाठचा खून' हे चार रविवारांचं नाटक. गोष्ट साधी. एक मालगुजार, गावचा जमीनदार, सकाळी आपल्याच खळ्यावर मेलेला सापडतो. संशय तिघांवर. एक त्याचा पुतण्या, जो सारखा भांडायचा. दुसरा डोमा ढिवर, ज्याला मालगुजारानं तळ्यावरून हाकलून दिलं होतं. तिसरा गावचा डॉक्टर, ज्यानं प्रेत पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टर सांगतो, "मी सकाळी फिरायला निघालो, खळ्यावरून आलो, तर मालगुजार पडलेले. त्याआधी मी त्या खळ्यावर पाऊलही ठेवलं नव्हतं." काय आवाज होता त्या डॉक्टरचा! लोण्यासारखा. एकेक अक्षर धुऊन, वाळवून, घडी करून ठेवल्यासारखं.

आणि एक आंधळी म्हातारी होती. खळ्याशेजारच्या झोपडीत तापानं पडलेली. तिसऱ्या भागात केशवराव तिला विचारतात, काय ऐकलं? ती फार वेळ काही बोलत नाही. रेडिओवर नुसता तिचा श्वास. मग म्हणते, "बुटाचा आवाज आला. एकदाच. केव्हा, ते सांगता येत नाही. मला दिवस नाही, रात नाही." आणि मग रेडिओवर तो आवाज. कर्र. कर्र. कर्र. तणसावरून चालणारे बूट. बाकी काही नाही. संगीत नाही, किंकाळी नाही. तिथेच तिसरा भाग संपला.

खळ्यावर कुणी हललं नाही. मायनं मात्र हात लांब करून शेजारच्या तणसाची मूठ उचलली आणि कानाशी धरून चुरली. कर्र.

नाटकवाल्यांनी सांगितलं होतं, गुन्हेगार ओळखा, पोस्टकार्ड पाठवा, बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावं रेडिओवर वाचून दाखवू. माय मला म्हणाली, "नंदे, कार्ड आण. मी सांगतो, तू लिही."

"कोणाचं नाव लिहू?"

"डॉक्टरचं."

"डॉक्टर?" मी हसले. "थो कायले मारन?"

"बूट कोणाच्या पायात आहे? त्याच्याच. सकाळी आलो म्हणते. तनस सकाळी वाजते का वं? दहिवरानं ओलं राहते. पाय ठेवला तं मांजर चालल्यावानी. म्हातारीनं बूट आयकला, म्हणजे थो आदल्या दिवशी सांजच्या आंधी आला होता. अना सकाळी पुन्हा आला, थे तिले आयकूच नाही आलं. एकदाच वाजला म्हणते ना ते?"

मी तोंड उघडं टाकून बघत होते. ज्या बाईनं शाळेची पायरी पाहिली नाही, ती हे बोलत होती. शेवटच्या भागात गुप्तहेर केशवरावांनी भरल्या कचेरीत नेमकं हेच सांगितलं. दव आणि तणस. एकदा वाजलेला बूट आणि एकदा न वाजलेला. डॉक्टर पकडला गेला. खळ्यावर जो गलका झाला, त्यानं बैल बुजले. पुतण्याचं नाव सांगितलेले बाबा निमूट टोपलं शोधायला उठले. सोनामावशी मायच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मले वाटलं होतं वं गिरजाबाई, आमच्याच माणसाले धरतीन."

असं होतं ते नाटक. तणसावरच्या पावलांचा आवाज ज्यानं कुणी काढला असेल, तो माणूस नक्की खळ्यावर वाढलेला होता.

आता राऊतबाबूंचा मोबाइल.

आधी एक पोरगा बोलला. "हॅलो गाईज." पहिल्या दोन शब्दांतच मला कळायला हवं होतं. मग ढोल. छाती धडधडल्यासारखा ढोल, तो शेवटपर्यंत थांबलाच नाही. मालगुजार काही बोलतो तरी ढोल, पाणी पितो तरी ढोल. चार रविवारांचं नाटक यांनी पंचवीस मिनिटांत कोंबलं होतं, आणि त्यात मधेच, प्रेत सापडल्या सापडल्या, केस गळतीच्या तेलाची जाहिरात. डॉक्टर आता तरुण, देखणा, जिममध्ये जाणारा. आंधळी म्हातारी नाहीच. काढून टाकली. तिच्या जागी मोबाइलचं लोकेशन. तणसाचा आवाज नाही, दव नाही, ते थांबलेलं श्वासाचं अंतर नाही. आणि डोमा ढिवर? तो आमच्या बोलीत बोलत होता. म्हणजे आमची बोली कधी न ऐकलेल्या कुणी नटानं, प्रत्येक वाक्याला "काहून बे" लावून, नाकातून, थुंकल्यासारखं. मागे हसण्याचा आवाज टाकलेला. तो माणूस हसवण्यासाठी ठेवला होता. आणि शेवटी, हसवून झाल्यावर, खुनी तोच निघाला.

डोमा. ज्याच्या पायात बूटच नव्हते.

खाली लोकांनी लिहिलं होतं, मस्त ट्विस्ट, अंगावर काटा.

मी इअरफोन काढून टेबलावर टाकलं. खरं सांगते, तेव्हाच ती किळस आली. सडलेली मासोळी तोंडात गेल्यावर येते तशी. राऊतबाबू घाबरले. "मॅडम, एवढं काय? एन्जॉय करा ना. टाइमपास आहे."

"टाइमपास? तुमच्या आजोबांचा फोटो घेऊन कुणी त्याला मिशा काढल्या, तर एन्जॉय कराल?"

"आता लोकांले असंच लागते ना. बिचारे तरी काय करतील. म्हातारी अर्धा मिनिट श्वास घेत राहिली, तर लोक दुसरं लावतात."

"लावू द्या दुसरं. हे कशाला लावता मग?"

राऊतबाबू आपल्या टेबलाशी गेले. दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलले. मी तक्रार लिहायची ठरवली. या ऑफिसात माझ्यासारखा मसुदा कुणी लिहीत नाही. खेड्यातला माणूस येतो, आपल्या भाषेत रडगाणं सांगतो, मी त्यातून चार ओळी काढते, त्याच्या तोंडचं सगळं फेकते, आणि असा अर्ज तयार करते की साहेबाला सही करावीच लागते. माणसं हात जोडतात. म्हणतात, बाई, आमाले काय समजते, तुमी लिहा तुमच्या शब्दांत.

शनिवारी दुपारी साकोलीहून भंडारा, तिथून तुमसर, पुढे आंबागडची गाडी. सबंध रस्ता मी मनात तक्रार लिहीत होते. मूळ कलाकृतीशी प्रतारणा. ग्रामीण समाजाचं विकृत चित्रण. एका प्रामाणिक पात्रावर खोटा आळ. वाक्यं भराभर सुचत होती. बाहेर बांध्यांमध्ये कापलेलं धान पसरलं होतं, कुठे पुंजणे रचले होते. आणि तुमसरच्या अलीकडे, 'गुन्हेगार म्हणून डोमा ढिवराचे नाव देऊन' एवढं मनात लिहून झालं आणि माझा हात तिथेच थांबला. मनातला हात. कारण ही ओळ मी आधी लिहिली होती. शाईच्या पेनानं, वळणदार अक्षरात, पोस्टकार्डावर.

मायनं डॉक्टर म्हटलं, मी डोमा लिहिलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. विसरले होते म्हणावं तर तेही खोटं. एखादा काटा चप्पलेत राहतो आणि आपण पाय थोडा तिरका टाकायची सवय लावून घेतो, तसं काहीसं.

आठवीतल्या मला मायचं तणस-दहिवर कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, पटलंही होतं. पण कार्ड लिहायला बसले आणि तो लोण्यासारखा आवाज कानात आला. मला तसं बोलायचं होतं. गावात कुणीच तसं बोलत नव्हतं. रेडिओत बोलत, आणि पुढे कॉलेजात बोलत असणार, असं मला वाटे. तसं बोलणारा माणूस खून करतो? आणि डोमा आमच्यासारखा बोलायचा. त्याचं नाव लिहिताना काहीच जड गेलं नाही. उलट वाटलं, अडाणी माय चुकतेय, मी तिला हसू होण्यापासून वाचवतेय. खाली तिचं नाव लिहिलं, मु. आंबागड. माय म्हणाली, "थांब, माहा अंगठा लावतो. मीच सांगितलं म्हणून समजलं पायजे त्यायले." शाईत अंगठा बुडवून तिनं तो डोमाच्या नावाखाली दाबला. मी फुंकर मारून वाळवला.

शेवटच्या भागानंतरच्या रविवारी नावं वाचली. बाबांनी बैल थांबवले. मायनं त्या दिवशी केस विंचरून घेतले होते, खळ्यावर. दूरदूरच्या गावांची नावं आली. आमच्याच भागातल्या बपेऱ्याच्या एका माणसाचं आलं तेव्हा सगळे पुढे सरकले, आता आपलंच. नाही आलं. रेडिओवर पुढचा कार्यक्रम सुरू झाला. मायच उठली आणि पदर खोचत म्हणाली, "आपल्या कार्डाले कोण विचारते वं. चाला, बैल हाका."

ती ओळ तिनं पुढे चाळीस वर्षं वापरली. घरकुलाच्या यादीत नाव सुटलं, वासूनं, माझ्या भावानं, म्हटलं अर्ज करू, तर म्हणाली, आपल्या कार्डाले कोण विचारते. ग्रामसभेत हात वर करायचा तर तेच. मी साकोलीच्या ऑफिसात लागले, गावभर लोकांचे अर्ज लिहून देते, पण माझ्या मायनं मला एकही कागद लिहायला सांगितला नाही. मला वाटायचं, हा तिचा स्वभाव आहे. माणूस स्वतःशी किती सफाईनं खोटं बोलतो! एवढी सफाई त्या मोबाइलवाल्यांच्यातही नाही. त्यांनी निदान खाली आपलं नाव लिहिलं होतं. मी तर अंगठा दुसऱ्याचा लावला.

 

मुक्कामाला पोचले, त्या दिवशी काही बोलणं झालं नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर माय अंगणात बसली होती. ऐंशीला टेकली आहे, पण रिकामी बसत नाही. सुपात जवस पाखडत होती. पलीकडे मळणीयंत्र लागून गेलं होतं आणि अंगणाच्या कडेपर्यंत तणस पसरलेलं. चुरणं आता कुणी करत नाही. दोन तासांत यंत्र धान वेगळं करतं. यंत्राला शेपूट नसतं, हे खरं.

"मागच्या आठवड्यात आली होतीस ना वं? आज आणखी काहून?" माय म्हणाली. "जावयासंग भांडलीस का?"

"नाही. तुले एक आयकवाचं आहे. तळ्याकाठचा खून."

तिचं सूप थांबलं. "थे? खळ्यावरचं? लाव, लाव."

मी लावलं. तिच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून सुपाकडे बघत होते. पहिली पाच मिनिटं ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे नाटक करून राहिले का ढोल बडवून राहिले?" जाहिरात आली तेव्हा तिला ती नाटकातलीच वाटली, "मेल्यावर कायले केसाले तेल लावून राहिले त्याच्या?" डोमा बोलला तेव्हा मात्र ती हसली नाही. शेवट झाला. तिनं विचारलं, "म्हातारी कुठी गेली?"

"काढली."

"काहून?"

"तिच्यानं उशीर लागते म्हणे."

"अना डोमानं मारलं?"

"हाव."

"बिनबुटाच्या डोमानं?" ती माझ्याकडे वळली. "कोणी लिहिलं हे असं?"

मी म्हणाले, "आता यायनं लिहिलं. त्याच्या आंधी मीनं लिहिलं होतं."

तिला कळलं नाही. मग मी सांगितलं. कार्ड, शाई, अंगठा, सगळं. माझं सांगून झालं तरी सूप तिच्या मांडीवर तसंच होतं. जवसाचे दाणे एका कडेला गोळा झाले होते. तिनं आपला उजवा अंगठा वर धरला, उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे कार्ड पोचलं होतं," ती म्हणाली.

"हाव."

"त्यायनं वाचलंही असन."

"असन."

"माहा अंगठा. डोमाच्या नावाखाली." तिनं अंगठा मुठीत मिटला. "सोनी पाठीले पाठ लावून बसली होती माह्या. थे काय म्हणली असती वं, कोणी नाव वाचून दाखवलं असतं तं?"

सोनामावशी जाऊन बारा वर्षं झाली.

"काहून केलं असं?"

"डॉक्टर शुद्ध बोलत होता, माय."

"तं?"

"मले वाटलं, असं बोलणारा माणूस मारत नाही."

मायनं माझ्याकडे अशी नजर लावली की मी आठवीतली झाले. मग म्हणाली, "बाई, बाई, बाई. अना एवढ्या शाळेत घातलं तुले."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती पुन्हा पाखडायला लागली. दोन फटके झाले आणि थांबली.

"तवा शेण झेललं होतंस का तू?"

"नाही. मले कोणी विचारलंच नाही. मी कार्ड लिहिणारी होती ना."

"तुहा बा मेला, पण कायदा मेला नाही. उद्या सकाळी गोठ्यात जाशील. वासूच्या बायकोले सांगतो, हात लावू नको म्हणून." मग मोबाइलकडे हनुवटी दाखवून म्हणाली, "अना यायले लिहिता येते का काही?"

"येते."

"मंग लिही. मी सांगतो तसं. आपलं डोकं लावू नको."

चाळीस वर्षांत तिनं पहिल्यांदा मला लिही म्हटलं. मी मोबाइल मांडीवर घेतला. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. 'डोमानं नाही मारलं. डॉक्टरनं मारलं. तनस सकाळी वाजत नाही. म्हातारीले वापस आना. तिले विचारा.' माझी बोटं वळवळत होती. आना नव्हे, आणा. म्हातारीले नव्हे, म्हातारीला. त्याखाली दोन ओळी घालाव्या, दव आणि ध्वनी यांचा संबंध स्पष्ट करावा, म्हणजे लोकांना नीट समजेल. वीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप जातो. मायनं माझा हात पाहिला असावा.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. तिनं सांगितलं तेवढंच होतं.

"माहं नाव लिहिलं?"

"गिरजाबाई, मु. आंबागड."

"पाठव."

ते मस्त ट्विस्टच्या खाली जाऊन बसलं. कुणी वाचेल की नाही, मला माहीत नाही. तिनं विचारलंही नाही.

सकाळी तिनंच मला उठवलं. उजाडलं होतं, टेकडीवर धुकं होतं, आणि तळ्यावरून पाण्याचा वास येत होता. मी साडी वर खोचली. खरं तर शेणाची मला आता घाण वाटते. कधीपासून वाटायला लागली, सांगता येत नाही. कॉलेजातल्या वसतिगृहात असेल, नोकरीत असेल. गावाला आले की मी गोठ्याच्या बाजूनं जात नाही, आणि गेले तर नाकाला पदर लावते. वहिनी बघते, बोलत नाही. त्या दिवशी ती टोपलं माझ्या हातात देऊन बाजूला उभी राहिली, ओठ दाबून हसू आवरत.

गोठा अंगणापलीकडे. मधे ते सगळं तणस पसरलेलं. चप्पल घालणार तर ओट्यावरून माय म्हणाली, "तुहे बूट घाल ना. थे ऑफिसातले."

मी ऑफिसचे बूट घातले. कडक तळाचे, फरशीवर टक टक वाजणारे, साहेबालाही आधी कळतं मी येतेय म्हणून. तणसावर पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. पाय आत दबला, बुटाच्या कडेनं गार पाणी आत आलं. मी मुद्दाम जोरात चालले. गोठ्यापर्यंत पंधरा-वीस पावलं झाली असतील. गायीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि शेपूट उचललं. मी वाकून हात पुढे केला. शेण गरम होतं.

मागून ओट्यावरून मायचा आवाज आला, "वाजलं का वं?"

"नाही, माय," मी म्हणाले. "नाही वाजलं."